फळी फुटते ती स्क्रूच्या डोक्यापाशी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका स्क्रूच्या कारखान्यात मी टूलिंग सांभाळते. ड्रॉइंग काढायचं, डाय (स्क्रूला आकार देणारा साचा) करून घ्यायची, सॅम्पल लॉट चालवायचा आणि काही बिनसलं की हेडिंगपासून (तारेला डोकं घडवणं) प्लेटिंगपर्यंत (झिंक चढवणं) सगळ्यांच्या मागे लागायचं, असं काम. आमची भाकरी गाड्यांच्या सुट्या भागांवर चालते. लाकडाचे स्क्रू ही मालकांच्या वडिलांपासूनची लाइन. नफा बेताचा, पण सोडवत नाही म्हणून चालू आहे.

त्या लाइनवर नवं डिझाइन करायची वेळ आणली ती दारं-खिडक्या करणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने. त्याने एक गोणीच पाठवली. आत फुटलेल्या सागाच्या पट्ट्या. काच धरायला चौकटीला आतून मारतात त्या, १८-२० मिमी जाडीच्या. प्रत्येकीत आमचा ४ बाय ४० चा (४ मिमी जाड, ४० मिमी लांब) स्क्रू आणि तिथून पट्टीच्या टोकापर्यंत गेलेली चीर. सोबत निरोप होता, "नीट माल द्या, नाहीतर मी काळे वापरतो." काळे म्हणजे जिप्सम बोर्डाचे. ते लाकडासाठी केलेलेच नसतात, पण स्वस्त आणि टोकदार, त्यामुळे अर्ध्या गावाचं फर्निचर त्यांच्यावर उभं आहे.

याचं पुस्तकी उत्तर सोपं आहे. आधी बारीक भोक पाडा, मग स्क्रू मारा, आणि टोकाच्या फार जवळ मारू नका. युरोपात लाकडी बांधकामासाठी युरोकोड ५ वापरतात. त्यात भोक न पाडता मारायचं तर मऊ लाकडातही लाकडाच्या बिनभाराच्या टोकापासून स्क्रूच्या जाडीच्या १० ते १५ पट अंतर सोडायला सांगितलंय. म्हणजे ४ मिमीच्या स्क्रूला ४० ते ६० मिमी. आमच्या गिऱ्हाइकाची पट्टीच अशी की स्क्रू टोकापासून १५ मिमीवर बसणार. आणि नगावर पैसे घेणारा कारागीर एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात बॅटरी मशीन घेऊन बसत नाही. त्याला उपदेश करून उपयोग नव्हता. जे काय करायचं ते स्क्रूतच करायचं होतं.

लाकूड फुटतं कसं ते आधी नीट बघावं लागलं. लाकडाच्या पेशी लांबट असतात, खोडाच्या दिशेने उभ्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्या दिशेने ओढलं तर लाकूड भलताच ताण सोसतं. पण पेशींना आडवं एकमेकींपासून सोडवायचं तर साधारण त्याच्या विसाव्या हिश्श्याचा जोरही पुरतो. जळण फोडताना पाचर नेमकी इथेच काम करते, आणि भोक न पाडता घुसणारा स्क्रू हीसुद्धा फिरत जाणारी पाचरच. तो आत गेला तेवढं लाकूड कुठेतरी सरकायला हवं. बाजूला जागा असेल तर ते दाबलं जातं, नसेल तर फाटतं. गंमत म्हणजे सरळ रेषेचा (म्हणजे तंतूंचा), निवडून घेतलेला साग सगळ्यात सरळ फुटतो. वेडावाकडा रेषा असलेल्या लाकडात चिरेला पळायला वाट मिळत नाही.

मालकांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं: स्क्रूच्या टोकाला खाच मारा. बाजारात महाग स्क्रू मिळतात त्यांच्या टोकाला एक तिरकी खाच असते, तिला आमच्या धंद्यात टाइप १७ म्हणतात. ती रेषे कापते आणि कापलेला भुसा पोटात घेते. "ती मारली की झालं," असं ते म्हणाले. मला घाई नव्हती. चीर नक्की कधी सुरू होते हे कोणी पाहिलंच नव्हतं.

त्यासाठी एक साधी युक्ती केली. पट्टीच्या आडव्या कापावर, जिथे रेषांची तोंडं दिसतात तिथे, खडूची पूड ओल्या फडक्याने फासायची आणि वाळू द्यायची. केसाएवढी भेग पडली तरी पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. स्क्रू मशीनने न मारता टॉर्क (पिळण्याचा जोर) दाखवणाऱ्या हातड्रायव्हरने एकेक आटा आत न्यायचा आणि थांबून बघायचं. शेवटी स्क्रू काढून भोकात शाईचा थेंब सोडायचा आणि पट्टी पटाशीने उभी फोडायची. शाई जिथपर्यंत झिरपली तिथपर्यंत चीर गेलेली, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

स्क्रूचं टोक आत जाताना खडूवर काही नाही. आटे अर्धे गेले तरी बहुतेक पट्ट्या शांत. आट्यांच्या वरचा गुळगुळीत दांडा लाकडात शिरला की टॉर्कचा काटा चढायला लागायचा आणि कोरड्या पट्ट्यांत एक बारीक रेघ दिसायची. आणि डोकं बसताना, शेवटच्या पाचेक मिलिमीटरमध्ये, 'टच्' असा आवाज होऊन रेघ टोकापर्यंत धावायची. शाईनेही तेच सांगितलं: डाग डोक्यापाशी सगळ्यात रुंद, खाली निमुळता होत गेलेला. टोकाने सुरुवात करून दिलीही असेल, पण फळी फाडत होतं ते डोकं. काउंटरसंक, म्हणजे लाकडात सपाट बसणाऱ्या डोक्याचा कोन ९० अंशांचा आणि व्यास स्क्रूच्या दुप्पट. त्याहून मोठी पाचर त्या पट्टीला कोणी मारलीच नसती.

तरी टोक सोडून दिलं नाही. पंचवटीत जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणारे एक मिस्त्री आहेत. ते खिळा मारण्याआधी उलटा धरून त्याच्या टोकावर हातोडीचा एक ठोका देतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, धारदार टोक रेषा बाजूला सारतं, बोथट टोक तोडतं. सारलेला रेषा फाटतो, तोडलेला गप बसतो." यापेक्षा नेमकं मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. खरं तर स्क्रूही आधी बोथटच असायचे, भोक पाडल्याशिवाय ते आत जातच नसत. अमेरिकेत थॉमस स्लोन यांनी १८४६ मध्ये टोकदार स्क्रूचं पेटंट घेतलं आणि पुढे तोच प्रकार सगळीकडे रूढ झाला. गिरमिट बाजूला पडलं ते टोक आल्यामुळे, आणि फळ्या फुटण्याची बरीचशी कटकटही त्याच टोकाबरोबर आली, असं आपलं माझं मत.

म्हणून टोकाला खाच घेतली, पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवली नाही. खाच मधोमध असून चालत नाही, तिची एक कड फिरण्याच्या दिशेला तोंड करून, किंचित पुढे हवी, तरच ती कापते. शिवाय ती ड्रिल नाही. ड्रिलचा भुसा वर येऊन बाहेर पडतो, खाचेतला तिथेच अडकतो. मऊ लाकडात तो दाबला जातो, कठीण लाकडात खाच काही मिलिमीटरमध्ये भरून जाते आणि पुढे ती असून नसल्यासारखी. आम्ही ती तिसऱ्या आट्यापर्यंत ठेवली. त्याहून लांब केली तर पकड देणारे आटेच कापले जातात.

खरी ओढाताण झाली ती गाभ्याच्या जाडीवर. गाभा म्हणजे आटे सोडून उरणारा मधला दांडा. जुन्या स्क्रूचा २.५ मिमी होता. तो २.३ केला तर सरकवायचं लाकूड सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतं, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं. पण पीळ सोसायची ताकद घनाने बदलते, ती २२ टक्क्यांनी घटते. युरोपियन मानक ईएन १४५९२ मध्ये एक अट आहे. स्क्रू तुटायला लागणारा टॉर्क हा तो आत जायला लागणाऱ्या टॉर्कच्या किमान दीडपट हवा. आमचा जुना स्क्रू साधारण ३ न्यूटन-मीटरला तुटायचा आणि बाभळीत २ च्या आसपास टॉर्क मागायचा, म्हणजे हिशेब आधीच काठावर. मालक म्हणाले २.३, हीट ट्रीटमेंटवाला म्हणाला अजिबात नाही, शेवटी २.४ वर मिटवलं. त्यात ताकद साडेअकरा टक्के गेली. ती कुठून तरी भरून काढायची, म्हणजे आत जाण्याचा टॉर्क कमी करायचा.

तो कमी झाला मुख्यतः आट्यांच्या कोनाने. जुन्या स्क्रूचे आटे ६० अंशांचे, तेच पूर्वापार. ४० अंशांचे केले की आटा पातळ पात्यासारखा होतो आणि त्याच उंचीच्या आट्यातलं पोलाद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होतं. लाकूड कमी ढकललं जातं, जास्त कापलं जातं. पुढच्या आट्यांवर करवतीसारखे दातेही काढून पाहिले, जर्मन स्क्रूंवर असतात तसे. टॉर्क थोडा उतरला, पण रोलिंग डायमध्ये त्या दात्यांच्या खाचा आधी झिजतात आणि डाय लवकर बदलावी लागते. जाड, लांब स्क्रूत परवडत असतील, आमच्या ४ मिमीच्या स्क्रूला ती चैन होती. सोडून दिले.

मग दांडा. स्क्रूचे आटे कापत नाहीत, रोल करतात. दोन सपाट डायमध्ये तार दाबून फिरवली की धातू बाहेर उसळून आटा होतो. त्यामुळे आटे नसलेला दांडा गाभ्यापेक्षा जाड राहतो, आमच्याकडे पावणेतीन मिमीच्या आसपास. म्हणजे २.४ च्या भोकात पावणेतीनचा दांडा शिरणार. आट्यांच्या लगेच वर, दांड्याच्या सुरुवातीला, तिरक्या बारीक धारांचा एक पट्टा रोल केला, बाहेरचा व्यास ३.२. तो आपल्यामागे येणाऱ्या दांड्यासाठी भोक खरवडून रुंद करतो. रोलिंगच्याच फेरीत होतो, वेगळं मशीन लागत नाही. एवढ्याशा पट्ट्याने काटा चढायचा थांबला तेव्हा मला सगळ्यात जास्त बरं वाटलं.

डोक्याखाली सहा छोट्या उभ्या धारा द्यायचं ठरवलं, म्हणजे डोकं लाकूड दाबण्याऐवजी खरवडत बसेल. शिवाय ९० अंशांच्या आधी, मानेपाशी, जरा निमुळता उतार दिला, म्हणजे पाचर एकदम न लागता हळूहळू लागेल. धारांसाठी हेडिंग डायच्या कार्बाइडच्या तोंडात स्पार्क मशीनवर (ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या) खाचा काढाव्या लागतात. खाचेचा तळ तीक्ष्ण राहिला तर डायला तिथूनच तडा जातो, म्हणून गोलाई हवी, आणि गोलाई दिली की धार बोथट होते. आमचा डायमेकर या कामाला वैतागला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी एका स्क्रूत सगळ्या जगाचं भलं करायला निघाले होते.

पहिले नग घेऊन पंचवटीत गेले. मिस्त्रींनी सागाच्या पट्टीत एकामागून एक मारले. पट्ट्या फुटल्या नाहीत. पण त्यांनी डोक्याभोवती अंगठा फिरवला आणि पट्टी माझ्यापुढे धरली. डोक्याच्या कडेला रेषे उसकटले होते, दातांनी कुरतडल्यासारखे. "हे पॉलिशवाल्याला काय सांगू?" बरोबरच होतं. काळ्या स्क्रूवर लांबी (पुट्टी) भरतात, पण पॉलिशच्या सागावर ते उसकटलेलं कडं लपत नाही. धारांची उंची ०.२ मिमीवर आणली आणि डोक्याच्या कडेपर्यंत न नेता अलीकडेच थांबवल्या, म्हणजे शेवटी गुळगुळीत कड बसून खालचं खरवडलेलं झाकते. यात टॉर्क जरा वाढला. चालवून घेतला.

ड्रॉइंग झालं म्हणजे स्क्रू झाला असं नाही, हे टूलिंगवाल्याला सांगायला नको. तार नेहमीचीच, १०२२ ग्रेडची. ती रोल झाल्यावर सुमारे ९०० अंश सेल्सिअसला कार्बन देऊन वरचं कवच कडक करतात, आत पोलाद जरा नरमच राहतं, म्हणून स्क्रू वाकतो पण लगेच तुटत नाही. जुन्या ६० अंशांच्या आट्याला कवच थोडं जास्त खोल गेलं तरी चालायचं. ४० अंशांच्या पातळ आट्यात दोन्ही बाजूंनी आलेलं कवच मधे भेटतं, आटा आरपार कडक होतो आणि काचेसारखा झडतो. कवचाची खोली अर्ध्यावर आणायला लावली. त्यावर भट्टीवाल्याशी पुष्कळ चर्चा झाली, कारण त्याच भट्टीत इतरांचा मालही असतो आणि आमच्यासाठी सायकल बदलायची त्याची तयारी नव्हती.

प्लेटिंगची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी. एका लॉटचे स्क्रू संध्याकाळी बाभळीच्या ओंडक्यात मारून ठेवले, सगळे व्यवस्थित बसले. सकाळी बघितलं तर काहींची डोकी शेजारी पडलेली. रात्रभर कोणी हात लावलेला नाही. कडक पोलाद झिंकच्या टाकीतून आणि त्याआधीच्या ॲसिडमधून जाताना हायड्रोजन शोषतं, आणि ताणात ठेवलं की काही तासांनी आपोआप तडकतं. त्यावर उपाय जुना आणि पक्का आहे. प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत माल साधारण २०० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास भाजायचा. जॉबवर्कवाल्याने वीज वाचवायला ती पायरी गाळली होती. तेव्हापासून ओव्हनचा चार्ट सोबत आल्याशिवाय माल उतरवून घेत नाही, आणि प्रत्येक लॉटमधले मूठभर स्क्रू रात्रभर बाभळीत मुक्कामाला असतात.

शेवटचा थर मेणाचा. सुतार स्क्रूला साबण किंवा तेल लावतात ते उगीच नाही. घर्षण कमी झालं की टॉर्क उतरतो. साबण मात्र ओल धरतो आणि पुढे गंज येतो. आम्ही झिंकवर कोरड्या मेणाचा पातळ थर देतो. हाताला लागत नाही, काट्यावर लगेच दिसतो. साडेअकरा टक्क्यांचा खड्डा मुख्यतः या मेणाने आणि ४० अंशांच्या आट्यांनी भरून निघाला.

पकड कमी झाली का, हा प्रश्न राहिला होता. आयएस १७०८ मध्ये लाकडाच्या चाचण्या दिल्यात, त्यात स्क्रू उपटायला किती जोर लागतो तेही मोजतात. शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मशीनवर जुने-नवे शेजारी शेजारी ओढून घेतले. खाचेमुळे थोडी पकड जाते, पण आमच्या मालकांना भीती वाटत होती तेवढी नाही.

मग बाहेरच्या चाचण्या, आणि त्या मुद्दाम मे महिन्यात. नाशिकचा मे म्हणजे लाकूड कडकडीत. त्याच सागाच्या गठ्ठ्यावर ओलावा मोजायचं मीटर मे महिन्यात ९ टक्के दाखवत होतं आणि ऑगस्टमध्ये १४-१५. पावसाळ्यात कुठलाही स्क्रू शहाण्यासारखा वागतो. परीक्षा उन्हाळ्यातच. सागात टोकापासून १५ मिमीवर नवा स्क्रू जवळजवळ सगळीकडे निभावला. आंब्याच्या लाकडात त्याहून सोपं. पाइनमध्ये काही प्रश्नच नव्हता. एक्स्पोर्टच्या खोक्यांसाठी अंबडमध्ये भरपूर पाइन येतं, पण तो मऊ माल, त्यावर स्क्रू जोखणं म्हणजे पोहायची परीक्षा गुडघाभर पाण्यात घेणं.

बाभळीने मात्र दाद दिली नाही. सागाचं वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, बाभळीचं आठशेकडे झुकणारं, आणि काळपट गाभ्याचा भाग त्याहून घट्ट. खाच भुशाने भरते, टॉर्क चढतो, टोकापाशी फळी चिरतेच. शिसवातही थोड्याफार फरकाने तेच. यावर अजून बारीक गाभा, अजून धारा असं करत राहता आलं असतं, पण मग तो सागात ढिला आणि बाभळीत तुटका झाला असता. बाभळीला भोक पाडायलाच हवं, असं मी स्पष्ट सांगितलं.

आणि त्यावरून सगळ्यात मोठं भांडण झालं, ते खोक्यावरच्या मजकुराचं. मालकांना ठळक अक्षरांत 'भोक न पाडता, फळी न फुटता' हवं होतं. रविवार कारंज्याजवळच्या दुकानदारानेही तेच सांगितलं, म्हणाला, "एवढं बारीक वाचतो कोण? मोठं छापा, माल खपेल." मी म्हटलं, खपेल, आणि बाभळीची फुटलेली चौकट घेऊन येणारा माणूस तुमच्या नाही, माझ्या टेबलापाशी येईल. शेवटी खोक्याच्या पुढच्या बाजूला फक्त 'साग, आंबा, पाइनसाठी' आलं आणि मागे छोटा तक्ता: बाभूळ, शिसव असेल तर २.५ मिमीचं भोक, आणि जिथे जमेल तिथे टोकापासून ४० मिमी सोडा. किंमत नगामागे काही पैशांनी वाढली. काळ्या स्क्रूशी त्या किमतीत लढता येत नाही, आणि तशी आशाही नाही.

पट्ट्यांची गोणी पाठवणारं गिऱ्हाईक आता दरवाजाच्या बिजागऱ्यांसाठी ५ बाय ६० मागतंय. सगळं त्याच प्रमाणात मोठं करा, असं त्याचं म्हणणं. ते जमत नाही. बिजागरीत डोकं पितळी पानाच्या खळग्यात बसतं, लाकडात नाही, त्यामुळे डोक्याखालच्या धारा तिथे पितळ ओरबाडतील. त्या काढून टाकल्या आहेत. उरतो दांडा, आणि दाराच्या उभ्या बाहीत तो कडेच्या जवळ जातो, म्हणून खरवडणारा पट्टा लांब करून बघते आहे. सध्या डाय डायमेकरकडे आहे, आणि तो फोन उचलत नाही.